साखरेचा एक चमचा आणि वीस लिटरचा गोळा

मागच्या अंकात धुळीच्या स्फोटांवर लेख होता. साखर, पीठ, स्टार्च, ॲल्युमिनियम अशी कुठलीही जळणारी भुकटी हवेत ढगासारखी उठली आणि बंदिस्त जागेत तिला ठिणगी मिळाली, तर तिचा स्फोट होतो, एवढं त्यात सांगितलं होतं. हा स्फोट किती जोराचा असेल ते प्रयोगशाळेत चिमूटभर मालावर मोजता येतं, असंही एका ओळीत लिहिलं होतं. बहुतेक पत्रं त्या एका ओळीवरच आली.

प्रश्न : आमच्या साखर कारखान्यातल्या धुळीची चाचणी करून घ्यायची आहे. प्रयोगशाळा एक किलो नमुना मागते. गोदामातल्या पोत्यातून काढून पाठवला तर चालेल का? आणि तिथे नेमकं करतात तरी काय? (सुरक्षा अधिकारी, सोलापूर जिल्हा)

पोत्यातली साखर पाठवू नका. एस-30 किंवा एम-30 (बाजारात जाणाऱ्या साखरेच्या प्रती) चा दाणा अर्ध्या मिलिमीटरहून मोठा असतो. तो हवेत तरंगत नाही आणि एका ठिणगीने पेटतही नाही. ती साखर तपासली तर अहवाल गोड येईल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. धोका आहे तो ग्रेडरच्या (दाण्याच्या आकारानुसार साखर चाळणाऱ्या यंत्राच्या) झाकणाखाली, बकेट एलिव्हेटरच्या डोक्यात, हॉपरच्या कडांवर आणि वरच्या तुळयांवर साचलेल्या पांढऱ्या मैद्यासारख्या थरात. नमुना तिथूनच घ्यायचा. धूळ ओढणारी यंत्रणा असेल तर तिच्या पिशव्यांखालच्या डब्यातला माल सगळ्यात चांगला, कारण तो आपोआप बारीक झालेला असतो. जागा चार असतील तर पुड्या चार करा. सगळं एकत्र कालवू नका. दोन प्लास्टिक पिशव्यांत हवाबंद करा आणि पिशवीवर जागा व तारीख लिहा. साखर ओल धरते. उघडी पुडी आठवडाभर राहिली तर प्रयोगशाळेत खडा पोचतो.

तिथे आधी चाळणी होते. साधारणपणे 75 मायक्रॉनखालचा (काही पद्धतींत 63 मायक्रॉनखालचा) भाग घेतात आणि ओलावा पाच टक्क्यांच्या आत आहे ना ते बघतात. चाळून पुरेसा माल उरावा म्हणूनच किलोभर मागतात. खुद्द चाचणीला ग्रॅममध्येच लागतो.

मुख्य चाचणी वीस लिटरच्या गोळ्यात होते. दुहेरी भिंतीचा स्टेनलेस स्टीलचा गोल, घागरीहून थोडा मोठा. दोन भिंतींच्या मधून पाणी खेळवून तो 20 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. खाली बाजूला 0.6 लिटरची एक कुपी जोडलेली असते. तिच्यात धूळ घालून तोंड बंद करतात आणि 20 बार दाबाची हवा भरतात. गोळ्यातली हवा मात्र उपसून 0.4 बारवर आणलेली असते. झडप उघडली की कुपीतली हवा धुळीसकट गोळ्यात घुसते. हिशेब सोपा आहे : 0.6 लिटर गुणिले 20 बार म्हणजे 12, त्याला 20 लिटरने भागलं की 0.6. आधीचे 0.4 मिळवले की बरोबर 1 बार. म्हणजे पेटण्याच्या क्षणी धूळ नेहमीच्या हवेच्या दाबातच असते.

झडप उघडल्यावर 60 मिलिसेकंदांनी गोळ्याच्या मध्यभागी बसवलेले दोन रासायनिक इग्नायटर पेटतात. प्रत्येकी 5 किलोज्यूल, मिळून 10. दाब मोजणारे दोन सेन्सर भिंतीत असतात आणि संगणकावर आलेख उमटतो. दाब चढतो, शिखराला पोचतो, मग भिंती गार असल्यामुळे उतरतो. सगळा खेळ सेकंदाच्या एका अंशात संपतो. मग गोळा उघडायचा, धुवायचा, पुसायचा, थंड होऊ द्यायचा आणि पुढचं वजन भरायचं. साखरेच्या बाबतीत धुण्याचं काम कंटाळवाणं, कारण आतून करपलेल्या पाकाचा चिकट तपकिरी थर बसतो.

वजनं कशी ठरतात? 60, 125, 250, 500, 750, 1000, 1250, 1500 ग्रॅम दर घनमीटर अशी पायरी असते. 250 ची पायरी म्हणजे वीस लिटरच्या गोळ्यात 5 ग्रॅम, चहाचा एक चमचा साखर. गंमत अशी की रसायनशास्त्राचा हिशेबही इथेच येतो. वीस लिटर हवेत सुमारे साडेपाच ग्रॅम ऑक्सिजन असतो आणि तेवढ्यात जेमतेम पाच ग्रॅम साखर पूर्ण जळू शकते. तरीही सर्वांत जोराचा स्फोट बहुधा याच्या दुप्पट-तिप्पट वजनाला मिळतो. कारण प्रत्येक कण आतपर्यंत जळत नाही. बाहेरचा पापुद्रा तापतो, वायू सुटतो आणि तो जळतो. म्हणून एक-दोन वजनांवर थांबून चालत नाही. दाब वाढत जाऊन परत उतरताना दिसेपर्यंत पायऱ्या चढायच्या आणि शिखराच्या आजूबाजूच्या पायऱ्या आणखी दोनदा करायच्या.

चुकतं कुठे तेही सांगतो, कारण अहवाल मागताना हे विचारता येतं. 60 मिलिसेकंद हा आकडा उगाच नाही. लवकर पेटवलं तर आतली घुसळण जास्त, म्हणून स्फोट खऱ्यापेक्षा उग्र दिसतो. उशिरा पेटवलं तर घुसळण मावळते, धूळ खाली बसू लागते आणि तोच माल गरीब दिसतो. चिकट साखर कुपीच्या नळीत किंवा फवारणीच्या तोंडाशी अडकते. म्हणून स्फोटानंतर कुपीत उरलेलं वजन करावं लागतं, नाहीतर कागदावर 500 आणि गोळ्यात 350. दोन इग्नायटरांपैकी एकच पेटला तर ऊर्जा अर्धी. तो प्रयोग बाद. झडपेतून हवा गळत असेल तर सुरुवातीचा दाब 1 बारऐवजी भलताच भरतो आणि पुढचं सगळंच वाकडं होतं. ज्वाळेच्या झळीने सेन्सरचा आलेख सरकतो, म्हणून त्याच्या तोंडावर सिलिकॉनचा पातळ लेप देतात. दोन सेन्सर असतात ते एकमेकांची चोरी पकडण्यासाठी.

प्रश्न : अहवालात ‘पीमॅक्स 8.4 बार, केएसटी 108, वर्ग एसटी-1’ असं आलंय. एसटी-1 म्हणजे सर्वांत खालचा वर्ग ना? मग काळजीचं कारण नाही असं समजू का? (खासगी कारखान्याचे अभियंता, कोल्हापूर)

नाही. या वर्गवारीने जितकी माणसं निष्काळजी झाली तितकी दुसऱ्या कशाने झाली नसतील. केएसटी म्हणजे स्फोटाचा दाब किती झपाट्याने चढतो त्याचा आकडा, त्याचा हिशेब पुढे येतोच. तो शून्य असेल तर एसटी-0, म्हणजे स्फोट होत नाही. शून्यावर आणि 200 पर्यंत एसटी-1, 200 ते 300 एसटी-2, 300 च्या वर एसटी-3. पीठ, साखर, दूधभुकटी, बहुतेक सगळं खाद्य एसटी-1 मध्येच मोडतं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थला इम्पीरियल शुगरच्या कारखान्यात 7 फेब्रुवारी 2008 रोजी जे घडलं ते याच ‘खालच्या’ वर्गातल्या धुळीने. 14 माणसं गेली. सायलोंखालचा (साखर साठवायच्या उंच कोठ्यांखालचा) पट्टा-कन्व्हेअर आदल्या वर्षी पत्र्यांनी बंदिस्त केला होता. साखरेत घाण पडू नये हा हेतू चांगलाच. पण पत्र्याच्या आत धूळ कोंडली आणि दाब निघायला वाट ठेवली नव्हती. तापलेलं बेअरिंग हे ठिणगीचं सर्वांत संभाव्य कारण ठरलं. पहिला स्फोट तिथे झाला. त्याच्या हादऱ्याने इमारतीतल्या तुळया-जमिनींवरची साठलेली धूळ उडाली आणि पुढचे स्फोट तिचे होते.

आता आकडे वाचू. पीमॅक्स म्हणजे बंद भांड्यात चढलेला कमाल दाब. 8.4 बार म्हणजे चौरस मीटरवर 84 टनांच्या आसपास भार. विटांची भिंत किंवा पत्र्याचा एलिव्हेटर याच्या अगदी छोट्या हिश्शातच फाटतो. हा दाब भांड्याच्या आकाराने फारसा बदलत नाही.

दाब चढण्याचा वेग मात्र आकारानुसार बदलतो. भांडं लहान तर वेग जास्त, म्हणून नुसता वेग सांगून उपयोग नाही. त्यासाठी वेगाला भांड्याच्या आकारमानाच्या घनमुळाने गुणतात. वीस लिटर म्हणजे 0.02 घनमीटर, त्याचं घनमूळ 0.271. गोळ्यात सेकंदाला 400 बार वेग मिळाला असेल तर 400 × 0.271 = 108. हाच तुमचा केएसटी, एकक बार-मीटर दर सेकंद. उलट गेलं तर 27 घनमीटरच्या तुमच्या हॉपरसाठी (घनमूळ 3) वेग येतो सेकंदाला 36 बार. दाब मोकळा करणारं पॅनल किती मोठं हवं ते हाच आकडा, पीमॅक्स, भांड्याचं आकारमान आणि भांड्याची ताकद मिळून ठरवतात. तुमच्या कंत्राटदाराने पॅनल ‘अंदाजे’ लावलं असेल तर त्याच्याकडे हा हिशेब लेखी मागा. पॅनलचं तोंड माणसांच्या वाटेवर किंवा खोलीच्या आत उघडत असेल तर ते नसलेलं बरं. ज्वाळा बाहेर कित्येक मीटर लांब फेकली जाते.

अहवालाच्या पहिल्या पानावर कणांचा आकार, ओलावा, भांड्याचं आकारमान आणि इग्नायटरची ऊर्जा या चार गोष्टी नसतील तर 108 हा आकडा अनाथ आहे. ‘साखरेचा केएसटी’ अशी काही चीजच नसते. तो त्या पुडीतल्या साखरेचा असतो. तीच साखर आणखी दळली तर चढेल, ओली झाली तर उतरेल.

एक पोटसूचना. केएसटी 50 च्या खाली आला आणि प्रयोगशाळेने ‘स्फोटक’ असं लिहिलं, तर एक घनमीटरच्या मोठ्या भांड्यात पुन्हा तपासून घेण्याची विनंती करा. 10 किलोज्यूलचे इग्नायटर लहानशा गोळ्यासाठी फार दांडगे आहेत. नुसत्या त्यांनीच आत बारभर दाब चढतो. सौम्य धूळ स्वतः जळत नसली तरी त्यांच्या ज्वाळेत भाजून निघते आणि ‘स्फोट झाला’ असं भासतं.

प्रश्न : थंडीत बॅगिंग प्लॅटफॉर्मवर कामगारांना शॉक बसल्यासारखं होतं, स्वेटर काढताना चटचट आवाज येतो. एवढ्याशा ठिणगीने साखर पेटेल का? (शिफ्ट इनचार्ज, अहिल्यानगर परिसर)

हे मोजणारी चाचणी वेगळी आहे, तिला किमान प्रज्वलन ऊर्जा म्हणतात. 1.2 लिटरची उभी काचेची नळी. तिच्या तळाशी धूळ ठेवतात, खालून दाबाच्या हवेचा झोत सोडतात आणि ती छत्रीसारख्या तोंडाला आपटून वर उडते. मध्ये दोन टोकदार इलेक्ट्रोड असतात. ठरलेल्या ऊर्जेची ठिणगी उडवायची : 1000 मिलिज्यूल, मग 300, 100, 30, 10, 3, 1. ज्वाळा ठिणगीपासून किमान सहा सेंटिमीटर दूर गेली तर ‘पेटली’ असं धरतात. धुळीचं वजन आणि ठिणगीची वेळ दोन्ही बदलून बदलून पाहतात. इथे संयम लागतो. दहा वेळा न पेटलेली धूळ अकराव्यांदा पेटू शकते, म्हणून ‘नाही’ म्हणायच्या आधी बरेच प्रयत्न करावे लागतात.

आता माणसाकडे या. आपलं अंग विजेच्या भाषेत एक लहानसा कपॅसिटर आहे, सुमारे 150 पिकोफॅरडचा. कोरड्या दिवशी प्लास्टिकच्या फरशीवर चालून 10,000 व्होल्ट साठले तर अर्धा गुणिले कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग, म्हणजे 7.5 मिलिज्यूल. बारीक साखरेची किमान ऊर्जा दोन आकडी मिलिज्यूलमध्ये येते. म्हणजे सहज पेटणार नाही, पण अंतरही फार नाही. आकडा 30 च्या खाली आला की कामगारांचं अर्थिंग, म्हणजे वीज निचरणारी पादत्राणं आणि तशीच फरशी, आवश्यक धरतात. आपल्याकडे गळीत हंगाम नेमका कोरड्या थंडीत चालतो. ज्या महिन्यांत धूळ सर्वांत जास्त, त्याच महिन्यांत स्थिर वीजही सर्वांत जास्त.

माणसापेक्षा मोठा चोर मात्र अर्थिंग नसलेला धातूचा तुकडा. रबरी गॅस्केटने दोन बाजूंनी तुटलेला पाईप, लोखंडी फनेल, प्लास्टिक नळीतली सर्पिल तार. त्यांचा कपॅसिटन्स माणसाहून जास्त असू शकतो आणि ठिणगी एकाच वेळी सगळी निघते. गॅस्केटवरून तांब्याची पट्टी टाका आणि दोन्ही बाजूंमधला रोध 10 ओहमच्या आत आहे का ते मल्टिमीटरने दर हंगामाच्या सुरुवातीला मोजा. जंबो पिशवी टाईप-सी ची, म्हणजे कापडात वीजवाहक धागे विणलेली असेल तर ती जमिनीला जोडल्याशिवाय भरू नका. न जोडलेली टाईप-सी पिशवी साध्या पिशवीहून वाईट.

अहवालात ‘इंडक्टन्ससह’ असा शब्द दिसला तर घाबरू नका. तारेत एक मिलिहेन्रीची गुंडाळी घातली की ठिणगी लांबते आणि धूळ कमी ऊर्जेत पेटते. स्थिर विजेसाठी ‘इंडक्टन्सशिवाय’चा आकडा घ्यायचा. दोन्ही मागा.

प्रश्न : गिअरबॉक्सवर साचलेली धूळ किती तापल्यावर पेटते? पत्र्याचं तापमान किती ठेवायचं? (देखभाल विभाग, सांगली)

दोन आकडे लागतात. ढगाचा आकडा उभ्या भट्टीतून मिळतो. तापवलेल्या नळीत वरून धूळ फुंकायची आणि खालच्या तोंडातून ज्वाळा दिसते का ते पाहायचं. थराचा आकडा तव्यावरून मिळतो, आणि खरंच तवाच असतो तो. त्यावर 5 मिलिमीटर उंचीची, 100 मिलिमीटर व्यासाची कडी ठेवतात, धूळ भरतात, पातीने सपाट करतात. दाबायची नाही, दाबली तर आकडा बदलतो. थरात थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, खुपसलेला असतो. थर पेटला, निखारला किंवा तव्याहून बराच वर तापला की ते तापमान नोंदवतात.

मग नियम असा : ढगाच्या आकड्याचे दोन-तृतीयांश आणि थराच्या आकड्यातून 75 वजा, या दोन्हींत जो लहान तो तुमची मर्यादा. ढग 400 आणि थर 300 आला तर 267 आणि 225. म्हणजे 225. थर 5 मिलिमीटरहून जाड असेल तर हीसुद्धा मर्यादा खोटी ठरते, कारण जाड थर स्वतःच रजई होतो आणि आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. तुमच्या गिअरबॉक्सवर बोटभर थर असेल तर कोष्टकं बाजूला ठेवा आणि आधी झाडू काढा.

साखरेची एक खोड इथे नोंदवून ठेवा. तव्यावर ती पेटण्याआधी वितळते, पाक होते आणि कडीतून ओघळून जाते. अशा वेळी अहवालात थराच्या रकान्यात ‘वितळली’ असं येतं. तो रकाना मोकळा सुटला असं समजू नका.

प्रश्न : ‘धूळ साचू देऊ नका’ असं सगळे म्हणतात. किती म्हणजे जास्त? (निवृत्त कारखाना व्यवस्थापक, बारामती)

एक मिलिमीटर. हिशेब करून पाहा. सैल धुळीची घनता 500 किलो दर घनमीटर धरली तर एक मिलिमीटर थर म्हणजे चौरस मीटरला अर्धा किलो. खोली पाच मीटर उंच असेल आणि हा थर हादऱ्याने उडाला, तर 500 ग्रॅम पाच घनमीटरमध्ये पसरले. 100 ग्रॅम दर घनमीटर. बऱ्याच सेंद्रिय धुळी 60 च्या आसपासच पेटायला लागतात. ‘एवढीशी तर आहे’ म्हणत ज्यावर बोटाने नाव लिहिता येतं तो थर पुरेसा असतो. अमेरिकेतल्या नियमावलीत याहून थोडं कमी, 0.8 मिलिमीटर, असं बोट ठेवलेलं आहे.

झाडताना कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून काढू नका, तोच तर ढग. आणि तुळयांची वरची बाजू खालून दिसत नाही. शिडी लावून बघा.

प्रश्न : बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) ढिगाची चाचणी याच गोळ्यात होते का? (ऊस उत्पादक, संचालक मंडळ सदस्य)

होत नाही. ओला बगॅस साधारण अर्धा पाणी असतो, तो ढग करत नाही. त्याचा धोका आतून तापण्याचा. त्यासाठी वेगवेगळ्या मापांच्या जाळीच्या घनाकृती टोपल्या ओव्हनमध्ये ठेवतात आणि कोणत्या तापमानाला आतला माल स्वतःहून पेट घेतो ते प्रत्येक मापासाठी काढतात. टोपली मोठी तशी कमी तापमानालाच आग. त्यावरून ढिगाच्या मापाचा अंदाज बांधतात. सुकलेल्या बगॅसच्या बारीक पिठाला मात्र वरची सगळी उत्तरं लागू.

प्रश्न : आमच्याकडे ॲल्युमिनियमचे भाग पॉलिश होतात. ती धूळ साखरेसारखीच समजायची का? (लघुउद्योजक, चाकण)

मुळीच नाही. बारीक ॲल्युमिनियम एसटी-3 मध्ये जातं आणि काही मिलिज्यूलच्या ठिणगीलाही पेटतं. चीनमध्ये कुन्शानला चाकं पॉलिश करणाऱ्या कारखान्यात 2 ऑगस्ट 2014 रोजी झालेल्या स्फोटात 146 जीव गेले. धूळ गोळा करणाऱ्या पिंपात ओल शिरली होती. ॲल्युमिनियम आणि पाणी यांची क्रिया होऊन उष्णता साठली. पाण्याशी या धातूचं जमत नाही. क्रियेतून हायड्रोजन सुटतो, म्हणून पाण्याच्या फवाऱ्यावर चालणारा संग्राहक असेल तर तो रात्रभर बंद करून झाकण लावू नका, वायुवीजन चालू ठेवा आणि गाळ रोज काढा. आग लागली तर पाणी नाही, नेहमीचा एबीसी सिलिंडरही नाही. धातूंच्या आगीसाठीची ‘डी’ वर्गाची भुकटी किंवा कोरडी वाळू, हळूच पसरून. लोखंडाचे भाग त्याच नळीच्या धूळयंत्रणेवर घासू नका. गंज आणि ॲल्युमिनियमच्या धडकेतून फार तप्त ठिणग्या उडतात.

नमुना पाठवताना प्रयोगशाळेला धातू आहे असं स्पष्ट लिहा. गोळा धुताना आणि नमुना वाळवताना त्यांना वेगळी काळजी घ्यावी लागते.

प्रश्न : गणपतीच्या मिरवणुकीत गुलालाच्या तोफा उडवतात. गुलालाचा असा भडका उडू शकतो का? (मंडळाचे कार्यकर्ते, पुणे)

गुलाल कशाचा आहे त्यावर आहे. खडू, टाल्क किंवा अन्य खनिज मातीत रंग मिसळलेला असेल तर तो जळत नाही. मक्याच्या स्टार्चचा असेल तर तो पिठासारखाच वागतो. तैवानमध्ये 27 जून 2015 रोजी एका जलक्रीडा उद्यानात रंगोत्सवात स्टार्चचा रंग व्यासपीठावरून गर्दीवर फवारला गेला, तो पेटला, 15 जण गेले आणि पाचशेच्या आसपास भाजले. उघड्या मैदानात, भिंती नसताना. स्फोटाचा धमाका नव्हता, ज्वाळेची लाट होती. गर्दीला पळायला जागाही नव्हती.

पोत्यावर घटक लिहिलेले नसतात, म्हणून एक साधी परीक्षा. चिमूटभर गुलाल पाण्यात दोन-तीनदा धुऊन रंग काढून टाका, खाली बसलेल्या गाळावर औषधाच्या दुकानातल्या टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. गाळ निळा-काळा झाला तर स्टार्च. पेटवून बघू नका. स्टार्च असेल तर यंत्राने फवारू नका. हाताने उधळतानाही आरतीचं ताट, फटाके, जनरेटर आणि तापलेले हॅलोजन दिवे यांपासून लांब.

प्रश्न : नववीच्या वर्गात डब्यात पीठ उडवून मेणबत्तीवर छोटा स्फोट दाखवायचा विचार आहे. प्रमाण सांगाल का? (विज्ञान शिक्षक, रत्नागिरी)

नाही सांगणार, आणि करूही नका. डब्याचं झाकण उडतं ते मुलांच्या तोंडाच्या उंचीवर. तीच कल्पना फळ्यावर दाखवता येते. एक सेंटिमीटरचा साखरेचा ठोकळा घ्या, त्याची सगळी पृष्ठं मिळून 6 चौरस सेंटिमीटर. त्याच ठोकळ्याचे एक-दशांश मिलिमीटरचे तुकडे केले तर दहा लाख तुकडे होतात आणि पृष्ठं मिळून 600 चौरस सेंटिमीटर. साखर तेवढीच, हवेला भिडणारी जागा शंभरपट. मुलांना हा गुणाकार स्वतः करू द्या. त्यानंतर काडीपेटीचं लाकूड, भुसा आणि लाकडाचा ओंडका यांतलं काय आधी पेटेल ते विचारा.

प्रश्न : प्रयोगशाळा निवडताना काय बघायचं? कायद्याने ही चाचणी लागते का? (सहकारी कारखान्याचे लेखापरीक्षक)

1948 च्या कारखाने अधिनियमातलं (नोव्हेंबर 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) कलम 37 स्फोटक धूळ, वायू आणि वाफ यांवरच लिहिलेलं होतं. धूळ साचू न देणं, यंत्र बंदिस्त ठेवणं, ठिणगीचे स्रोत टाळणं असा त्याचा रोख होता. तुमच्या धुळीचे आकडे तुम्हाला माहीत आहेत का, हा प्रश्न त्यातूनच निघतो. राज्यात याची देखरेख औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करतं, त्यामुळे सध्या लागू असलेल्या तरतुदी त्यांच्याच कार्यालयातून विचारून घ्या.

प्रयोगशाळेची एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता नुसती ‘आहे’ म्हणून भागत नाही. मान्यतेसोबत जोडलेली चाचण्यांची यादी मागा आणि वीस लिटरच्या गोळ्याची चाचणी तिच्यात नावानिशी आहे का ते पाहा. अनेकदा मान्यता सिमेंटची किंवा पाण्याची असते. दुसरं, संदर्भ भुकटीवर (बऱ्याच ठिकाणी लायकोपोडियम, म्हणजे एका वनस्पतीचे बारीक बीजाणू) शेवटचा पडताळा कधी घेतला आणि किती आकडा आला ते विचारा. एकच माल दोन चांगल्या प्रयोगशाळांत दहा-वीस टक्क्यांनी इकडेतिकडे येणं स्वाभाविक. दुप्पट फरक आला तर आधी कणांचा आकार आणि ओलावा ताडून पाहा. बहुतेक वेळा भांडण तिथेच मिटतं, कारण एकाने धूळ चाळलेली असते आणि दुसऱ्याने आली तशी भरलेली असते.

किंमत विचाराल तेव्हा ‘पूर्ण संच’ असं मोघम विचारू नका. आधी नुसती स्फोट होतो की नाही ही पारख करून घ्या. उत्तर ‘नाही’ आलं तर बाकीचा खर्च वाचला. ‘हो’ आलं तर पॅनल बसवायचं असेल तेव्हा पीमॅक्स आणि केएसटी, स्थिर विजेचा प्रश्न असेल तेव्हा किमान प्रज्वलन ऊर्जा, ड्रायर किंवा तापणारी यंत्रं असतील तेव्हा भट्टी आणि तवा. नायट्रोजन भरून चालवायचं ठरलं असेल तरच ऑक्सिजनची मर्यादा (ज्याच्या खाली धूळ पेटत नाही ते प्रमाण) मोजायची, आणि ती मिळाल्यावर प्रत्यक्षात तिच्याहून दोन-तीन टक्के खालीच यंत्रणा चालवायची, कारण तुमचा ऑक्सिजन मीटर वर्षातून किती वेळा तपासला जातो हे तुम्हालाच ठाऊक.